जो ओढतो, तोच धरतो

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. सकाळी नऊच्या सुमारास मेहकरच्या आमच्या घरासमोर आमच्या साडूंचे घर येऊन उभे राहिले. घर म्हणजे खरोखरच घर. तेरा माणसांच्या टेम्पो ट्रॅव्हलरची निम्मी आसने काढून आत दोन खाटा, एक ओटा, भांड्यांची कपाटे, लहानसा फ्रीज, न्हाणीघर आणि शंभर लिटर पाण्याची टाकी बसवलेली. गल्लीतली पोरे चपला बाहेर काढून आत जाऊन पाहून आली. शेजारच्या आजींनी विचारले, ‘देव कुठे ठेवता?’ साडूंनी ओट्यावरचा कोनाडा दाखवला, तेव्हा कुठे त्यांचे समाधान झाले.

साडू निवृत्त झाले आणि भारत पाहायचा म्हणून त्यांनी ही गाडी एकाकडून जुनी विकत घेतली. मी जन्मभर बँकेत कागद पाहत आलेला माणूस, म्हणून आधी कागद मागितले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या रचनेत आपल्या मनाने बदल करता येत नाही; केलेला बदल नोंदणीत यावा लागतो. तो आला होता. विमाही चालू होता. बेत चिखलदऱ्याचा होता. साडू, माझी मेहुणी, आम्ही दोघे आणि माझी नऊ वर्षांची नात. शिवाय एसटीतून निवृत्त झालेले एक चालक, ज्यांना सगळे ‘भाऊ’ म्हणतात, त्यांना चार दिवसांसाठी बरोबर घेतले होते. हा आग्रह मेहुणीचा. साडूंच्या मते त्याची काही गरज नव्हती. समृद्धी महामार्गावरून ही गाडी त्यांनी एकट्याने आणली होती.

भाऊंनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायर ठोकून पाहिले, वाकून खाली नजर टाकली आणि एकच प्रश्न विचारला, ‘साहेब, ब्रेक ऑइल कधी बदललं?’

साडूंना सांगता येईना. पडदे मात्र नवे होते.

त्या दिवशी आमचे निघणे दोन तास लांबले, कारण भाऊंनी गाडी आधी गॅरेजमध्ये नेली. मी अंगणात बसून राहिलो. त्यांच्या त्या प्रश्नाने मला तीस वर्षे मागे नेले होते.

१९९४ साली मी एका शाखेत कर्जाच्या टेबलावर होतो. तालुक्यातल्या एका खेड्यातल्या तरुणाला मी ट्रकसाठी कर्ज मंजूर केले. पोरगा कष्टाळू होता, बापाची नऊ एकर जमीन होती, जामीनदार चांगले होते. मी त्याला सगळे विचारले. स्वतःची रक्कम किती घालणार, भाडे कुठून मिळणार, हप्ता कसा फेडणार. विचारायला हवे होते ते एकच विचारले नाही. घाट उतरता येतो का? आमच्या छापील अर्जात तो रकानाच नव्हता. दीड वर्षाने मध्य प्रदेशाकडच्या एका घाटात भरलेला ट्रक उताराला सुटला. पोरगा गेला. काही दिवसांनी त्याचे वडील पासबुक घेऊन शाखेत आले. पैशाबद्दल ते काही बोलले नाहीत. बराच वेळ समोर बसले आणि म्हणाले, ‘साहेब, ब्रेक त नवेच टाकले होते न. मंग कसं झालं?’

मी म्हणालो, ‘नशीब.’ दुसरे उत्तर मला येत नव्हते.

त्या प्रश्नाचे उत्तर मला चिखलदऱ्याच्या घाटात मिळाले. ते आज लिहितो आहे, कारण अलीकडे चाकांवरची घरे वाढत आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, भाड्यानेही अशा गाड्या मिळू लागल्या. तसे चाकांवरचे घर आपल्याला नवे नाही. गाडीलोहारांचे संसार गाड्यांतूनच फिरले. यात्रा कंपन्यांच्या बसमध्ये आचारी, शेगड्या, वळकट्या आणि लोणच्याच्या बरण्या घालून आपल्या आईवडिलांनी काशी-रामेश्वर केले. फरक एवढाच, की त्या बसच्या चाकावर घाट मुरलेला माणूस असे. आता चाकावर घरचाच कर्ता बसतो. त्याला मोटारगाडीची सवय असते, आणि मागे चार टनांचे घर आहे हे त्याला सपाटीवर जाणवतही नाही.

रस्त्यांनीही आपल्याला लाडावले आहे. मेहकरजवळून जाणारा समृद्धी महामार्ग नागपूरपासून मुंबईच्या वेशीपर्यंत ७०१ किलोमीटर धावतो. जून २०२५ मध्ये त्याचा शेवटचा टप्पा खुला झाला, तेव्हा इगतपुरीजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्याने कसाऱ्याचा घाटही चुकवला. सोय मोठी झाली. पण गिअर न बदलता शेकडो किलोमीटर जाण्याची सवय लागलेला हात जेव्हा खऱ्या घाटात येतो, तेव्हा त्याला गिअरचा दांडा आठवत नाही, पायाखालचा ब्रेकच आठवतो.

मालेगाव, मेडशी, पातूर करीत आम्ही अकोल्याला आणि पुढे अकोट, अंजनगावमार्गे परतवाड्याला पोचलो. दिवस कलला होता. भाऊंनी रात्री घाट चढायला साफ नकार दिला. ‘पाहाले जाऊन राह्यलो न आपण? मंग अंधारात काय पाहान?’ मुक्काम परतवाड्यात झाला.

सकाळी निघण्यापूर्वी त्यांनी घर आवरायला लावले. गॅसच्या टाकीची चावी बंद. कपाटांना खिट्ट्या. ओट्यावरचा कुकर, डबे, नातीची रंगपेटी, सगळे खाली आणि बांधून. सुटलेला कुकर वळणावर घरंगळत चालकाच्या पायाशी आला आणि पेडलखाली अडकला, तर पुढचे सांगायला नको. पाण्याची टाकी एकतर पूर्ण भरा नाहीतर रिकामी करा, असे ते म्हणाले. अर्ध्या टाकीतले पन्नास किलो पाणी प्रत्येक वळणावर एका बाजूला धावते आणि उंच गाडीला त्याच बाजूला ओढते. आम्ही टाकी रिकामी केली. वर पाणी मिळणारच होते. नात खाटेवर लोळत खिडकीतून डोंगर पाहायचे म्हणत होती. भाऊंनी तिला आसनावर बसवून पट्टा लावला. ‘बाई, गाडी चालू असली की हे घर नसते,’ ते म्हणाले. ‘उभी राह्यली की घर.’

चढ त्यांनी स्वतः चढला. चढाला भीती कमी असते. गाडी दमते, पण पळून जात नाही. इंजिनाच्या उष्णतेचा काटा वर सरकू लागला, तेव्हा त्यांनी वातानुकूलन बंद केले आणि खिडक्या उघडल्या. मागे दोन-तीन गाड्या साचल्या, की रुंद जागा पाहून ते बाजूला होत आणि हाताने त्यांना पुढे जायला सांगत. साडूंना हा कमीपणा वाटला. भाऊंचे म्हणणे, मागचा घाईत असला की तो आपल्यालाही घाई करायला लावतो. त्याला वाट दिली की आपले डोके थंड राहते. वळणावर आतल्या बाजूला चिकटून न वळता ते आधी थोडे पुढे जात आणि मग वळत, कारण लांब गाडीची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, ती आतून कापतात. बाहेरच्या बाजूला गाडीची शेपटी मागच्या चाकांच्या पलीकडे झुलते, तिच्याकडे आरशातून लक्ष ठेवावे लागते. डोक्यावर वाकलेल्या फांद्यांकडेही. मोटारगाडीच्या चालकाला वर पाहायची सवयच नसते.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून थोडा अधिक उंच. विदर्भाच्या उन्हाला हा एवढाच थंड कोपरा, आणि इथे कॉफी पिकते याचे आजही नवल वाटते. आम्ही भीमकुंड पाहिले, कीचकाची गोष्ट नातीला सांगितली, गाविलगडाच्या दरवाजात उभे राहून खालची दरी पाहिली. १८०३ च्या डिसेंबरात हा किल्ला इंग्रजांनी घेतला. तोफा वर चढवायला त्यांना डोंगरातून रस्ता करावा लागला होता. संध्याकाळी गाडीच्या दाराशी खुर्च्या टाकून आम्ही पिठले-भाकरी खाल्ली. साडू सुखावले होते. ‘उद्या मी उतरवतो,’ ते म्हणाले. ‘उताराला काय, गाडी आपोआप जाते.’

भाऊ काही बोलले नाहीत. मालक साडू होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू चाकावर बसले. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, कधी चौथ्या, आणि उजवा पाय ब्रेकवर हलकेच ठेवलेला. वेग काही जास्त नव्हता. दरीतले धुके विरत होते, साग उन्हात चमकत होता, नात मोर दिसला म्हणून ओरडत होती. एक अवघड वळण गेले, दुसरे गेले. मग मला वास आला. करपलेल्या पोळीचा आणि जळक्या रबराचा मिळून होईल तसा. बायकोने आधी ओट्याकडे पाहिले. गॅस तर बंद होता.

‘साहेब, पाय उचला,’ भाऊ एकदम म्हणाले. ‘आता एकदा जोरात दाबा. वेग कमी झाला? दुसरा टाका. पाय सोडा. पुढे डाव्या हाताला जागा आहे, तिथं घ्या.’

साडूंनी ऐकले. पण पेडल आधीपेक्षा खोल गेले, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. इंजिनाने आवाज वाढवला, गाडी जणू कोणी मागून धरल्यासारखी सावकाश झाली आणि रुंद जागेत येऊन थांबली. गाडी गिअरमध्ये ठेवून भाऊ खाली उतरले आणि त्यांनी मागच्या चाकांखाली पुढच्या बाजूने दगड लावले. पुढच्या चाकांतून बारीक धूर येत होता. मी बाटलीतले पाणी घेऊन धावलो, तर त्यांनी हात धरला. तापलेल्या लोखंडावर एकदम गार पाणी पडले तर त्याला चीर जाऊ शकते. ‘वाऱ्यानं थंड होऊ द्या. घाई कायची?’

पाऊण तास आम्ही तिथे बसलो. त्या वेळात भाऊंनी जे सांगितले आणि नंतर मी वाचून जे समजून घेतले, ते असे.

चिखलदऱ्याहून परतवाड्यापर्यंत गाडी सुमारे सातशे मीटर खाली येते. चार टनांचे ओझे तेवढे खाली आणायचे म्हणजे ते वर नेताना डिझेलने जी शक्ती त्यात साठवली, ती वाटेत कुठेतरी खर्च व्हायला हवी. ती सगळी ब्रेकने खर्च करायची ठरवली, तर तिची उष्णता होते. किती? हिशेब माझ्या सवयीचा. तेवढ्या उष्णतेत सुमारे नव्वद लिटर गार पाणी उकळीला येईल. सहा घागरी! काही भाग रस्त्याचे आणि हवेचे घर्षण खाते, पण बाकीचा भार चार चाकांतल्या तळहाताएवढ्या पट्ट्यांवर येतो. त्या तापल्या की त्यांची पकड कमी होते. पाय तितकाच दाबला तरी गाडी तितकी थांबत नाही. दुसरे, ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषत राहते. साध्या प्रतीचे नवे तेल २०५ अंशांच्या वर उकळते. ओल धरलेले तेच तेल १४० च्या आसपासही उकळू शकते. उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, पण वाफ दाबली जाते. मग पेडल थेट तळाशी जाते आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ते तेल बदलायचे. मेहकरला भाऊंनी दोन तास घालवले नसते, तर आमची गाडी त्या रुंद जागेपर्यंत आली असती की नाही, याचा विचार मी पुढे फार केला नाही.

मग उतरायचे कसे? भाऊंनी बैलगाडीचा दाखला दिला. चढाला बैल गाडी ओढतात. उताराला तेच बैल मान मागे रेटून, पाय रोवून गाडी धरतात. ‘जो ओढते, तोच धरते,’ ते म्हणाले. इंजिन हा गाडीचा बैल. लहान गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला, की चाके इंजिनाला फिरवू लागतात आणि त्यात त्यांची गती खर्च होते. तापते ते इंजिन, ज्याला थंड करायला पाणी आणि पंखा असतोच. आणि ज्याला वाटते की उताराला गाडी न्यूट्रलमध्ये टाकली तर डिझेल वाचते, तो उताराच्या तोंडाशी बैल सोडून देतो. आताच्या इंजिनांत गिअर असताना ॲक्सिलरेटर सोडला, की डिझेलचा पुरवठा तसाही थांबतो. वाचत काहीच नाही. इंजिन बंद केले तर ब्रेकला आणि चाकाला मिळणारी मदतही जाते.

गिअर कोणता? जुना ठोकताळा असा, की जो घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागतो, त्याच किंवा त्याहून लहान गिअरमध्ये तो उतरावा. आणि तो उतार सुरू होण्याआधी टाकावा, कारण वेग वाढल्यावर लहान गिअर पडत नाही. गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीतही लहान गिअर धरून ठेवायची सोय असते. ती कुठे आहे, ते सपाटीवरच पाहून ठेवावे. ब्रेक मुळीच लावायचा नाही असे नाही. वेग वाढला की एकदा ठाम दाबायचा, वेग पुरेसा खाली आणायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. मधल्या वेळात चाकांना वारा लागतो. पाय हलका ठेवून सतत घासत राहणे, हेच करपवणारे. साडूंनी तेच केले होते, आणि तेही जपून चालवतो आहोत अशा समजुतीने.

‘साहेब, ब्रेक थांबासाठी असते, उतरासाठी नाही,’ भाऊ म्हणाले.

रेल्वेने हे दीडशे वर्षांपूर्वीच ओळखले होते. १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला. तिथला चढ ३७ फुटांना १ फूट असा आहे. घाट उतरणाऱ्या गाड्या वाटेत निव्वळ ब्रेक तपासण्यासाठी थांबतात, आणि सुटलेली गाडी धरण्यासाठी बाजूला उलट चढाचे फाटे ठेवलेले आहेत. उतार सुरू होण्याआधी थांबावे, यात तिथे कोणाला कमीपणा वाटत नाही. आपल्या घाटांतही एखादा चहावाला माथ्यावरच सापडतो. तिथे थांबून उतरण्यापूर्वी ब्रेक एकदा दाबून पाहावा, लहान गिअर टाकावा आणि मगच निघावे.

तरीही पेडल खोल गेलेच तर? घाबरून इंजिन बंद करायचे नाही. पेडल भराभर दाबत-सोडत राहायचे, जमेल तसा एकेक गिअर खाली आणायचा, हातब्रेक हळूहळू ओढायचा, दिवे आणि हॉर्न चालू ठेवायचे. मोकळा चढ मिळाला तर गाडी त्यावर घालायची. काहीच उरले नाही तर डोंगराच्या बाजूला घासत न्यायची. पत्रा परत मिळतो, दरीतून काही परत मिळत नाही.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. २०१७ च्या वाहन चालन विनियमांतही हेच सांगितले आहे. भारलेली गाडी चढावर एकदा थांबली, तर पुन्हा उचलायला जड जाते. धुक्यात दिवे खाली ठेवावेत. आणि चाकाखाली लावलेले दगड निघताना आठवणीने उचलून बाजूला टाकावेत. मागे राहिलेला तो दगड रात्री एखाद्या दुचाकीवाल्याच्या वाटेत येतो.

गाडी निवल्यावर साडू चावी भाऊंना द्यायला गेले. भाऊंनी ती घेतली नाही. ‘तुमीच उतरवा. मी बाजूले बसतो.’ साडूंनी दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सोडली. इंजिन घोंघावत होते, मागे एक जीप हॉर्न वाजवत होती. साडूंनी रुंद जागा पाहून तिला वाट दिली. पुढच्या साऱ्या घाटात त्यांचा पाय ब्रेकवर मोजून काही वेळाच गेला. खाली सपाटी आली, तेव्हा त्यांचा सदरा घामाने भिजला होता. नातीने विचारले, ‘आजोबा, आता घर झालं का?’ गाडी थांबवून, चहा ठेवून, आम्ही घर केले.

आमच्या जिल्ह्याला घाटाचे दुःख परके नाही. १२ जुलै २०२३ रोजी सप्तशृंगी गडावरून खामगावकडे निघालेली बस दरीत कोसळली होती. प्रत्येक अपघाताचे कारण वेगळे असते, आणि दुरून कोणी ते ठरवू नये. पण जे कारण आपल्या हातात असते, त्याला आपण ‘नशीब’ म्हणू नये, एवढे मला त्या पाऊण तासात पटले.

परतल्यावर मी त्या खेड्यात जाऊन आलो. त्या तरुणाचे वडील आता नाहीत. त्याचा पुतण्या मालवाहू गाडी चालवतो. ओसरीवर बसून मी त्याला सगळे सांगितले, तीस वर्षे उशिरा. ब्रेक नवे असले तरी तापतात. नव्याची आणि जुन्याची उष्णता सारखीच असते. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, ‘काका, आज्जा मरेपर्यंत म्हणे, का गॅरेजवाल्यानं फसवलं आपल्याले.’

गॅरेजवाल्याने फसवले नव्हते. पोराचीही चूक म्हणवत नाही. त्याला कोणी शिकवलेच नव्हते. निघताना मी त्याच्या गाडीपाशी थांबलो आणि तोच प्रश्न विचारला, जो मी १९९४ साली विचारला नव्हता. तो हसला आणि म्हणाला, ‘येते काका. ज्या गिअरनं चढतो, त्याच गिअरनं उतरतो.’